'द फॉल ऑफ द रोमन एम्पायर' : पहिला तास थोर, पुढचे दोन अडखळत

प्रश्न असा आहे: २००० सालचा 'ग्लॅडिएटर' आवडलेल्या माणसानं १९६४ चा 'द फॉल ऑफ द रोमन एम्पायर' पाहावा का? गोष्ट जवळपास तीच, माणसंही तीच. शिवाय हा चित्रपट सपशेल आपटला आणि निर्मात्यालाही घेऊन बुडाला, असं वाचायला मिळतं. मग चित्रपट शिकवणारी मंडळी त्याचं नाव आदरानं का घेतात?

माझं उत्तर: जरूर पाहावा, आणि शक्य तितक्या मोठ्या पडद्यावर. मी कला दिग्दर्शनात आयुष्य घालवलं, ऐतिहासिक चित्रपटांचे सेट उभे केले. या चित्रपटाच्या सेटवर माझं प्रेम आहे हे आधीच सांगतो. पण नुसत्या सेटसाठी तीन तास बसा, असं मी कुणाला सांगणार नाही. या चित्रपटाला एक प्रश्न पडलेला आहे. इतक्या निरनिराळ्या लोकांचं राज्य एकत्र राहतं ते कशामुळे, आणि फुटतं ते कुठून? जोवर तो या प्रश्नाला धरून चालतो तोवर हॉलीवूडच्या भव्यपटांत त्याला तोड नाही. प्रश्न सुटला आणि प्रेमकथा हातात घेतली, की त्याचे पाय चिखलात रुततात.

आधी तो जन्माला कसा आला ते थोडक्यात. सॅम्युअल ब्रॉन्स्टन हा बेसारेबियात (आजच्या मोल्दोव्हात) जन्मलेला निर्माता. त्यानं माद्रिदजवळ बस्तान बसवलं, कारण स्पेनमध्ये मजुरी स्वस्त होती, जागा मोकळी होती आणि गर्दीसाठी सैनिक मिळत होते. १९६१ मध्ये त्याचा 'एल सिद' तुफान चालला. दिग्दर्शक अँथनी मान, छायालेखक रॉबर्ट क्रॅस्कर. तीच जोडी घेऊन त्यानं रोमला हात घातला. मान हा मुळात वेस्टर्नपटांचा माणूस. जेम्स स्टुअर्टला घेऊन त्यानं १९५० च्या दशकात जे वेस्टर्न केले त्यांत डोंगर, दरी, बर्फ ही नुसती पार्श्वभूमी नसते, माणसाच्या मनात काय चाललंय ते तिथं दिसतं. १९६० च्या 'स्पार्टाकस'वरून त्याला चित्रीकरण सुरू झाल्यावर काढण्यात आलं आणि ते काम स्टॅन्ली कुब्रिककडे गेलं. त्यामुळे रोमचा विषय त्याच्या मनात राहून गेला असणार, असं मला पहिला भाग पाहताना नेहमी वाटतं. शीर्षक अर्थातच रोमच्या ऱ्हासावर लिहिणाऱ्या इंग्रज इतिहासकार एडवर्ड गिबनच्या ग्रंथावरून घेतलेलं. निवेदनात सुरुवातीलाच बजावलं जातं की रोमच्या पडण्याला एक कारण नव्हतं, अनेक होती, आणि ती एक घटना नसून तीनशे वर्षं चाललेली प्रक्रिया होती. एवढ्या पैशांच्या चित्रपटानं पहिल्याच मिनिटाला प्रेक्षकाला असं सांगणं हे धाडसच होतं.

पहिला भाग उत्तर सीमेवरच्या एका किल्ल्यात घडतो. बाहेर बर्फ, सुचीपर्णी झाडं, धूर. म्हातारा झालेला सम्राट मार्कस ऑरेलियस जर्मन टोळ्यांशी वर्षानुवर्षं लढून थकला आहे. ही भूमिका अलेक गिनेसनं केली आहे. त्याचा आवाज कुठंही चढत नाही, हातवारे नाहीत, तरी समोरच्या गर्दीतला प्रत्येकजण त्याच्याकडे बघत राहतो. साम्राज्याच्या कानाकोपऱ्यातून प्रांताधिकारी आणि मांडलिक राजे येतात. रथ, पालख्या, निरनिराळे पोशाख, निरनिराळे वर्ण. तुमचे देव एक नाहीत, गाणी एक नाहीत, तरी तुम्ही मिळूनच रोम आहात, असं तो त्यांना सांगतो. आणि पुढं म्हणतो की आता लढाई पुरे, सीमेपलीकडच्यांनाही नागरिक करून घेऊ. नंतरच्या एका प्रसंगात तो एकटाच स्वतःच्या मनाशी वाद घालतो, मरणाजवळ थोडा वेळ मागतो. तलवार नाही, घोडा नाही, एक म्हातारा आणि त्याचा आवाज. सत्तर मिलिमीटरच्या अवाढव्य चौकटीत एवढं खाजगी दृश्य घेण्याची छाती फार थोड्या दिग्दर्शकांना होते.

विषप्रयोगाचा प्रसंगही असाच. मेल फेररनं केलेला आंधळा क्लिअँडर, मार्कसचा मुलगा कॉमोडस याच्या बाजूचा माणूस, सफरचंद कापतो. सुरीच्या एकाच बाजूला विष आहे. एक फोड तो स्वतः खातो, दुसरी सम्राटाला देतो. संगीताचा गडगडाट नाही, कुणी दचकत नाही. मग मार्कसची अंत्ययात्रा. बर्फ पडतंय, मशाली धूर सोडताहेत, काळे झेंडे, सैनिकांच्या रांगा, आणि बराच वेळ कुणी काही बोलत नाही. मी विद्यार्थ्यांना हा प्रसंग आधी आवाज बंद करून दाखवतो आणि मग आवाजासह. दोन्ही वेळा तो उभा राहतो. माणसं चौकटीत कशी रचायची, काळ्या-पांढऱ्याच्या जवळ जाणाऱ्या रंगांत लाल किती ठेवायचा, गर्दीला वजन कसं द्यायचं, हे सगळं त्या काही मिनिटांत शिकता येतं.

त्यानंतर रोम दिसतं, आणि इथं मला थांबणं भाग आहे. माद्रिदबाहेर लास मातास इथं ५५ एकरांवर रोमन फोरम, म्हणजे जुन्या रोमचा मध्यवर्ती चौक, उभारला गेला. वेनिएरो कोलासांती आणि जॉन मूर या दोघांचं ते काम, आणि वेशभूषाही त्यांचीच. ११०० कामगार सात महिने राबत होते. २७ पूर्ण आकाराच्या इमारती, ६०१ खांब, ३५० पुतळे. बांधून काढलेल्या सर्वांत मोठ्या चित्रपटसेटांत त्याची गणना होते. आकड्यांनी छाती दडपते, पण आमच्या व्यवसायात खरी गोष्ट वेगळी आहे. सहसा आम्ही फक्त दर्शनी बाजू उभी करतो. मागं बांबूची परांची, प्लायवूड आणि खिळे असतात, आणि कॅमेऱ्यानं कुठं पाहायचं नाही हे छायालेखकाला आधीच सांगून ठेवावं लागतं. दिग्दर्शकाला एका बाजूचीच मुभा असते. इथं इमारती चहूबाजूंनी पूर्ण होत्या. त्यामुळे मान आणि क्रॅस्कर यांना कुठूनही कुठंही पाहता आलं. माणूस पायऱ्या चढून देवळात शिरतो आणि कॅमेरा त्याच्यामागून जातो तेव्हा बाहेरच्या उजेडातून आतल्या अंधारात जाण्याचा अनुभव प्रेक्षकाला खराखुरा येतो. संगणकावर रचलेल्या शहरात हे जमवायला आजही फार कष्ट पडतात, कारण तिथं दगडावरून परतणारा उजेड माणसाच्या चेहऱ्यावर आपोआप पडत नाही.

आणि तरीही याच सेटनं चित्रपटाचं नुकसानही केलं. एवढा खर्च केल्यावर तो दाखवला पाहिजे, असं निर्मात्याला वाटतं, आणि ते स्वाभाविक आहे. नवा सम्राट झालेल्या कॉमोडसचा नगरप्रवेश लांबतच जातो. रथ पुढं सरकतो, फुलं पडतात, लोक ओरडतात, पुन्हा वरून दृश्य, पुन्हा खालून. मार्कसच्या किल्ल्यात प्रत्येक दृश्यात काही ना काही ठरत होतं. इथं काहीच ठरत नाही. मी संकलक असतो तर तिथं निर्दयपणे कात्री चालवली असती. स्वतःच्या जातभाईंच्या कामावर चालवायला जड गेली असती, तरीही.

पण खरा दोष सेटचा नाही, नायकाचा आहे. स्टीफन बॉइडनं केलेला लिव्हियस हा सेनापती. मार्कसला आपल्या मुलाऐवजी त्याला वारस करायचं असतं. हे त्याला ठाऊक आहे, मार्कसची मुलगी ल्युसिला हिला ठाऊक आहे. मार्कस मरतो, जाहीर घोषणा झालेली नाही, आणि लिव्हियस स्वतःच पुढं होऊन कॉमोडसला सम्राट म्हणून मानवंदना देतो. यादवी नको, म्हणून. हा निर्णय नाट्यमय आहे, समर्थनीयही आहे. अडचण ही की त्यानंतर दोन तास त्याच्याकडे निर्णयच उरत नाही. तो सीमेवर पाठवला जातो, परत बोलावला जातो, पूर्वेला धाडला जातो. प्रत्येक वेळी तो योग्य तेच बोलतो आणि प्रत्येक वेळी उशीर करतो. अशा माणसावर चित्रपट चालू शकतो, पण मग त्याच्या निष्क्रियतेचाच छडा लावावा लागतो. पटकथेनं तो लावला नाही, उलट त्याला सरळ शूर नायक म्हणूनच रंगवलं. बॉइड १९५९ च्या 'बेन-हर'मध्ये खलनायक म्हणून काय आग ओकतो ते आठवा. इथं ती आगच काढून घेतली आहे. सोफिया लॉरेनची ल्युसिला त्याहून दुर्दैवी. पहिल्या भागात ती बापाची बुद्धिमान मुलगी आहे, नंतर डबडबलेल्या डोळ्यांची प्रेयसी. दोघांच्या प्रसंगांवर दिमित्री तिओमकिनचं संगीत इतकं दाट पसरतं की संवाद त्याखाली गुदमरतात. याच संगीताला गोल्डन ग्लोब मिळालं आणि ऑस्करसाठी नामांकनही. अंत्ययात्रेत आणि सुरुवातीच्या ऑर्गनमध्ये ते खरोखरच थोर आहे.

या पोकळीत क्रिस्टोफर प्लमर शिरतो. त्याचा कॉमोडस हसरा आहे, चपळ आहे. लाडानं वाढलेल्या मुलाला सगळं मिळूनही बापाचं मन मिळालं नाही, हे त्याच्या हसण्यात दिसतं. तो क्रूरही अगदी सहज होतो. पुढच्याच वर्षी 'द साउंड ऑफ म्युझिक'मध्ये हाच माणूस शिस्तप्रिय बाप म्हणून जगाला आवडला, हे लक्षात घेतलं तर त्याच्या ताकदीचा अंदाज येतो. कॉमोडस हा मार्कसचा मुलगाच नव्हे, एका ग्लॅडिएटरचा आहे, असं चित्रपट शेवटी उघड करतो. हे पटकथेनं स्वतःच्या मनचं घातलेलं नाही. ती कुजबुज जुन्या लॅटिन चरित्रांत आहे. इतिहासकार ती मानत नाहीत, पण प्लमरला त्यातून एक जबरदस्त प्रसंग मिळाला आहे.

इतिहासाचं म्हणाल तर इथं सविस्तर बोलायला हवं, कारण या चित्रपटाला 'ग्लॅडिएटर'पेक्षा जास्त खरा समजण्याची चूक बरेचजण करतात. मार्कस इ.स. १८० च्या मार्चमध्ये वारला. कॉमोडसला त्यानं १७७ मध्येच सहसम्राट केलं होतं. म्हणजे वारसाचा घोळ नव्हताच. लायक माणूस दत्तक घ्यायची जी परंपरा चित्रपटात आदर्श म्हणून येते, तीही पूर्णपणे तत्त्वाची नव्हती. नेर्व्हा, ट्राजन, हेड्रियन, अँटोनायनस पायस, या चौघांच्याही मागं मुलगा उरला नव्हता. मार्कसचा मुलगा जगला, आणि त्यानं त्यालाच गादी दिली. विषाचा पुरावा नाही. साम्राज्यात तेव्हा मोठी साथ फिरत होती, आणि आजारानं गेला हेच जास्त संभवतं.

सर्वांत मोठी उलटापालट मात्र वेगळीच आहे. चित्रपटात मार्कस शांततेचा पुरस्कर्ता आणि कॉमोडस तिचा शत्रू. प्रत्यक्षात मार्कस शेवटच्या दिवसांत डॅन्यूब नदीपलीकडचा मुलुख जिंकून तिथं नवे प्रांत करायच्या विचारात होता, असं जुनी साधनं सांगतात. बाप गेल्यावर टोळ्यांशी तह करून लढाई संपवली ती कॉमोडसनं. रोममध्ये पियात्सा कोलोन्नात मार्कसचा स्तंभ आजही उभा आहे. त्यावर कोरलेल्या चित्रांत जळणारी गावं आणि ओढून नेलेल्या बायका आहेत. तत्त्वचिंतक सम्राट तिथं दिसत नाही. पराभूत टोळ्यांना साम्राज्यात जमिनी देऊन वसवण्याचा प्रयोग मात्र मार्कसनं खरंच केला होता. रॅव्हेनाजवळ वसवलेल्यांनी उठाव केला आणि त्यानंतर त्यानं इटलीत कुणाला वसवलं नाही, असं रोमन इतिहासकार कॅसियस डिओ लिहितो. चित्रपटात तीच वसाहत फुलते आणि रोमच्या लोभापायी उद्ध्वस्त होते. सर्व मुक्त रहिवाशांना नागरिकत्व देण्याची जी घोषणा अलेक गिनेस करतो, ती प्रत्यक्षात २१२ साली सम्राट काराकालानं केली, आणि त्यामागं करवसुलीचा हिशेब होता असा डिओचाच आरोप आहे.

मग हा खोटेपणा अक्षम्य आहे का? मला वाटत नाही. १९६४ म्हणजे शीतयुद्धाचा ऐन काळ. पटकथालेखकांपैकी बेन बार्झमन हा हॉलीवूडच्या काळ्या यादीमुळे, म्हणजे कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून काम नाकारलेल्यांच्या यादीमुळे, देशाबाहेर राहिलेला माणूस. भिंत बांधायची की दार उघडायचं, हा त्यांच्या काळाचा प्रश्न त्यांनी मार्कसच्या तोंडी घातला. ऐतिहासिक चित्रपट असंच करतात, आपल्याकडचेही. मी पाहतो ते एवढंच, की घातलेला प्रश्न प्रामाणिकपणे लढवला आहे का.

तो सर्वांत चांगला लढवला आहे सिनेटच्या प्रसंगात. जेम्स मेसनचा टिमोनिडीज हा पूर्वी गुलाम असलेला ग्रीक तत्त्वज्ञ. पकडलेल्या जर्मन टोळीवाल्यांचा विश्वास मिळवताना त्यानं आपला हात आगीत भाजून घेतलेला आहे. तो सिनेटपुढं सांगतो की या लोकांना गुलाम करू नका, शेती द्या. समोरून हिशेबाची भाषा येते, भीतीची येते, जुन्या वैराची येते. मग फिनले करीनं केलेला एक वृद्ध सिनेटर उठतो आणि वाद फिरवतो. कॅमेरा फार हलत नाही. माणसं बोलतात, ऐकतात, मत बदलतात. एक कोटी ऐंशी लाख डॉलरच्या आसपास खर्च झालेल्या चित्रपटात सर्वांत थरारक दृश्य बाकांवर बसलेल्या म्हाताऱ्यांचं आहे. उत्तरार्धात काही कंटाळवाणं वाटलं तर पुढं ढकला, पण हा प्रसंग चुकवू नका.

रथांच्या शर्यतीबद्दल फार लिहीत नाही. जंगलातल्या अरुंद वाटेवर लिव्हियस आणि कॉमोडस एकमेकांना कड्यावरून ढकलू पाहतात. मांडणी याकिमा कॅनटची, 'बेन-हर'ची शर्यतही त्याचीच. अंगावर काटा येतो खरा, पण ती इथं का आहे याचं उत्तर 'बेन-हर' चालला होता एवढंच. पूर्वेकडचा उठाव आणि चार सैन्यांची लढाई यांचंही तसंच. उमर शरीफसारखा नट आर्मेनियाचा राजा म्हणून आणायचा आणि त्याला चार वाक्यं द्यायची, ही तर उधळपट्टी झाली. धूळ, घोडे आणि हजारो माणसं पाहताना हे सगळे कशासाठी लढताहेत याचा विसर पडतो.

शेवट मात्र पुन्हा सावरतो. फोरमच्या मधोमध सैनिक ढालींची भिंत करतात आणि तिच्या आत दोघांचं भाल्यांचं द्वंद्व होतं. एवढा प्रचंड सेट बांधून अखेरची लढाई खोलीएवढ्या जागेत घ्यायची, ही मानची अस्सल दृष्टी. बाहेरच्या गर्दीला आत काय चाललंय ते दिसत नाही. खरा कॉमोडस १९२ च्या अखेरच्या दिवशी एका पैलवानाकडून गळा दाबून मारला गेला, आणि खऱ्या ल्युसिलाला त्याच्याविरुद्धच्या कटानंतर काप्री बेटावर हद्दपार करून ठार करण्यात आलं. चित्रपटात ती वाचते. लिव्हियसला गादी देऊ केली जाते, तो नाकारतो, आणि दोघं गर्दीतून निघून जातात. मागं सैनिक सिंहासनाचा लिलाव पुकारत असतात. हा लिलाव खरोखर झाला होता, १९३ च्या मार्चमध्ये, मधल्या पर्टिनॅक्स नावाच्या सम्राटाला मारून. दर सैनिकामागं पंचवीस हजार सेस्टर्स (रोमन नाणी) बोलून डिडियस ज्युलियानसनं तो जिंकला. चित्रपट पर्टिनॅक्सला वगळतो, पण लिलावाचं भेसूरपण अचूक पकडतो. नायक जिंकलेला आहे आणि राज्य विकलं जातंय, अशा शेवटानं प्रेक्षकाला घरी पाठवणारे हॉलीवूडचे भव्यपट मला फारसे आठवत नाहीत.

प्रेक्षकांनी हे स्वीकारलं नाही. अमेरिकेत खर्चाचा जेमतेम चौथा भाग परत आला, आणि त्याच वर्षी ब्रॉन्स्टनची कंपनी दिवाळखोरीत गेली. 'क्लिओपात्रा' नुकताच येऊन गेला होता आणि रोमला लोक कंटाळले होते, हे एक कारण. सूर उदास होता, हे दुसरं. आणि लिव्हियसमध्ये जीव नव्हता, हे तिसरं, माझ्या मते सर्वांत मोठं. (दिवाळखोरीच्या चौकशीत ब्रॉन्स्टननं स्विस बँकखात्यांबद्दल दिलेलं उत्तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. अक्षरशः खरं पण दिशाभूल करणारं उत्तर ही खोटी साक्ष ठरत नाही, असा निकाल १९७३ मध्ये लागला. कायद्याचे विद्यार्थी तो आजही वाचतात.)

आता 'ग्लॅडिएटर'शी तुलना. २००० सालच्या त्या चित्रपटानं इथली नेमकी उणीव भरून काढली. नायकाला सूडाचं सरळ कारण दिलं, त्यामुळे तो एका रेषेत धावतो आणि प्रेक्षकाला सोडत नाही. कथाकथन म्हणून तो सरस आहे, यात वाद नाही. पण त्यात साम्राज्याचा प्रश्न दोन-चार वाक्यांत उरकतो. सीमेपलीकडची माणसं पहिल्या लढाईत मरायला येतात आणि पुन्हा दिसत नाहीत. १९६४ च्या चित्रपटात त्यांना नावं आहेत, वस्ती आहे, मुलं आहेत.

पाहताना एक तांत्रिक गोष्ट सांभाळा. हा चित्रपट अल्ट्रा पॅनाव्हिजन ७० मध्ये चित्रित झाला, म्हणजे चौकट उंचीच्या पावणेतीन पट रुंद. मोबाइलवर ती एक बारीक पट्टी होते आणि कडेला उभी असलेली माणसं, ज्यांच्यासाठी मान आणि क्रॅस्करनं इतका खटाटोप केला, दिसेनाशी होतात. टीव्हीसाठी दोन्ही बाजू कापलेली प्रत तर टाळाच. पूर्ण लांबी तीन तासांच्या थोडी वर आहे. दोन बैठकींत पाहायचा असेल तर पहिली बैठक अंत्ययात्रेवर संपवा, आणि दुसरी सिनेटसाठी ताज्या डोक्यानं सुरू करा.